टेकडीवर धावायची वाट: तीन पाहिल्या, एक धरली



आज पिकाची नोंद नाही. धानाचा चुरणा आटोपला, तूर शेंगेवर आली, हरभऱ्याला एक पाणी झालं. सकाळचा थोडा वेळ मोकळा मिळते, तो या महिन्यात वेगळ्याच कामात गेला. गावच्या पोरापोरींसाठी धावायची वाट शोधत होतो. तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याच्या पानावर धावण्याचं काय काम? पण वाट म्हणजे माती, उतार आणि पाणी. आपला धंदाच तो.

आमचं गाव रामटेकच्या वरच्या अंगाला, पेंचच्या बफरला चिकटून. गावातले नऊ जण पोलीस भरतीची तयारी करून राहिले, त्यात चार पोरी. एक माझी पुतणी. सध्याच्या नियमात मैदानी चाचणी 50 गुणांची. पोरांना 1600 मीटर, पोरींना 800 मीटर, आणि त्या एका धावेला 20 गुण. पोरीनं 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत काढलं तर पूर्ण 20. त्याच्यावर एकेक टप्पा गेला की गुण कापले जाते. ज्या घरी दोन एकर धान आणि एक एकर बरड, त्या घरी या सेकंदांची किंमत काय ते सांगायला नको.

गावाला मैदान नाही. शाळेचं अंगण दोन बैलगाड्या वळतील एवढं. म्हणून पोरं डांबरी रस्त्यावर धावत. हिवाळ्यात तिथं पहाटे धुकं आणि धुक्यात ट्रक. एका पोराच्या कोपराला ट्रकचा आरसा घासून गेला, तेव्हापासून सगळे टेकडीच्या गाडवाटेनं धावू लागले. आठ दिवस झाले नाही तर त्याच गाडवाटेच्या धुळीत वाघाचे पंजे दिसले, ताजे. माझ्या लहान भावानं, म्हणजे पुतणीच्या बापानं, त्याच दिवशी सांगितलं, "धावणं बंद. नोकरी नको, पोरगी घरी पाहिजे."

पुतणी माझ्याकडे आली. रडली नाही. म्हणाली, "मोठेबाबा, रस्त्यावर ट्रक, टेकडीवर वाघ. मंग मी धावू कुठं? तुम्हाले सगळ्या वाटा माहीत आहे, तुम्हीच सांगा न."

बापाचं चूक नव्हतं, पोरीचंही नव्हतं. मी म्हटलं, आठ दिवस दे.

शहरातले लोकही आता रविवारी आमच्याकडे धावायला येते. पाठीवर पाण्याची पिशवी, दातेरी तळाचे बूट. त्याला ते ट्रेल रनिंग म्हणतात, म्हणजे डांबर सोडून डोंगरातल्या, जंगलातल्या पायवाटेनं धावायचं. नागपुरातले लोक सेमिनरी हिल्स, गोरेवाड्याकडे सराव करतात आणि मोठा चढ पाहिजे असला की इकडे वळतात. मला थांबवून विचारतात, "काका, चांगली वाट कोणती?" त्यांना दिसायला सुंदर आणि दमवणारी वाट पाहिजे असते. आमच्या पोरींना रोज पहाटे जाऊन रोज परत येता येईल अशी पाहिजे. ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे चांगली वाट वेगळी.

मी पुतणीला आणि दोन पोरांना घेऊन तीन वाटा फिरलो.

पहिली, मोळीची वाट. गावामागून टेकडीच्या माथ्यावर सरळ चढते. छातीत दम भरायला भारी. पण सरळ चढणारी वाट म्हणजे पावसाळ्यातला नाला. वरचं पाणी तीच धरते, बारीक माती घेऊन जाते, मागे राहते गोटा आणि सुटा मुरूम. त्यावर सागाची वाळली पानं पडली की खालचा खड्डा दिसत नाही. चढताना ठीक, उतरताना घोटा गेला समजा. भरतीच्या दोन महिने आधी घोटा मुरगळला तर वर्ष गेलं. ही वाट बाद.

दुसरी, जाळरेषा. वणवा पुढं जाऊ नये म्हणून वनविभाग गवत-पाला काढून जो पट्टा साफ ठेवते तो. वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात, त्याच्या आधी हा पट्टा साफ होते. दिसायला धावपट्टीच. पण जागा जंगलाची, परवानगीशिवाय तिथं जायचं नाही, ही पहिली गोष्ट. दुसरी अशी की साफ वाट जशी आपल्याला आवडते तशीच वाघालाही आवडते. वाघ काही उगाच काट्यातून जात नाही. गाडवाट, नाल्याची रेती, जाळरेषा, हे त्याचे राजरस्ते. मनसरहून शिवनीकडे जाणाऱ्या 44 नंबरच्या महामार्गावर पेंचच्या भागात जनावरांना खालून जायला जागा ठेवल्या, तर कॅमेऱ्यात तिथून वाघ, हरणं, रानकुत्रे जाताना दिसले. सोयीची वाट मिळाली की जनावर ती धरते. म्हणून जंगलात जी वाट धावायला सगळ्यात चांगली, ती पहाटे धावायला सगळ्यात वाईट. हीही बाद.

तिसरी वाट कोणाच्या डोक्यातच नव्हती, कारण ती रोजची. गावातून निघणारी पांदण, तिथून मामा तलावाची पाळ, आणि पाळ संपते तिथून टेकडीच्या पायथ्यानं सलग समतल चराच्या कडेकडेनं. दोन्ही बाजूला मोकळं वावर, शंभर-दीडशे पावलं नजर जाते. मी सायकलच्या पुढच्या चाकाला चिंधी बांधली, एक फेरा टेपनं मोजला तर 2 मीटर 7 सेंटीमीटर. मंग सायकल हातात धरून फेरे मोजत चाललो. पांदण 640 मीटर, पाळ 310, आणि चराच्या कडेनं 650 वर खुंटी ठोकली. झाले 1600. चाकाचे 773 फेरे. अर्ध्या पाळीवर 800 मीटर भरते, तिथं चुना मारलेला दगड ठेवला.

आता माती पाहा. पांदणीची माती मोरंड, पाणी पडलं की चिकटते, पण हिवाळ्यात दाबून बसली की पायाला मऊ, डांबरासारखी गुडघ्याला मारत नाही. पाळीवर मुरूम. पायथ्याला बरड, पाणी लगेच निथरते, म्हणून अवकाळी पडला तरी दुसऱ्या दिवशी धावता येते. कन्हाराच्या वावरातून वाट काढू नका, उन्हाळ्यात भेगा पडते आणि पाय अडकते.

चराच्या बाबतीत एक काळजी घेतली. आमचे चर 60 सेंटीमीटर रुंद, 30 सेंटीमीटर खोल. खालच्या बाजूला मातीचा बांध आणि त्यावर गवत. पोरं त्या बांधावरून धावली तर गवत मरेल, बांध बसेल आणि पहिल्या मोठ्या पावसात फुटेल. म्हणून वाट बांधाच्या खाली एक मीटर सोडून आखली. पाणी अडवायला दहा वर्षं लागली, ते धावण्यात वाहून जायला नको.

नुसती सपाट वाट पुरत नाही. दम वाढवायला आठवड्यातून दोनदा चढ पाहिजे. जगभर डोंगरात पायवाटा आखणारे लोक एक नियम पाळतात, वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याच्या आत ठेवायचा. म्हणजे वरून येणारं पाणी वाट धरून धावत नाही, आडवं ओलांडून निघून जाते. आपली गुरं हे न शिकता करते. चराईची वाट कधी सरळ चढत नाही, तिरपी जाते.

चर आखायला वापरतो ती ए-फ्रेम काढली. तिच्या दोन पायांत 2 मीटर अंतर. खालच्या बाजूच्या पायाखाली 16 सेंटीमीटरचा ठोकळा ठेवून ओळंबा मधात आणला की झाला शंभराला आठचा चढ. अशी 300 मीटरची तिरपी वाट खुंट्या मारून आखली. शेवटाला पोर 24 मीटर वर चढलेलं असते. जिथं पाणी वाट धरेल असं वाटलं तिथं गोट्यांची तिरपी ओळ जमिनीत पुरली, पाणी खालच्या बाजूला काढून द्यायला. हे काम पोरांनीच केलं, दोन सकाळींत.

पण ती तिरपी वाट कोणाच्या सातबाऱ्यावर? माझ्या भावाच्याच बरडावर. जंगलाच्या हद्दीत मी एक खुंटी मारली नाही, म्हणून त्याला विचारल्याशिवाय काम पुढं जाणार नव्हतं. त्याला सोबत घेऊन पूर्ण वाट चाललो. तो बोलला नाही काही. पाळीवर उभा राहून त्यानं फक्त किती दूर दिसते ते पाहिलं. मंग म्हणाला, "अंधारात नाही. सूर्य निघाल्यावर. आणि एकटी नाही." मी म्हटलं, कबूल.

त्याच्या या बोलण्यावरून नियम ठरले. तुमच्याही कामी येतील म्हणून लिहितो.

1. वाघ, बिबट, अस्वल पहाटे आणि सांजेला जास्त फिरते. पूर्ण उजेड झाल्याशिवाय निघायचं नाही.
2. चार जणांच्या खाली नाही, आणि बोलत, आवाज करत जायचं. कानात गाणी घालायची नाहीत. वळणावर अचानक समोर गेलं तर अस्वल सगळ्यात आधी अंगावर येते.
3. जनावर दिसलं तर पळायचं नाही. पाठ दाखवली की ते मागं लागते. उभं राहायचं, एकत्र यायचं, तोंड तिकडंच ठेवून हळूहळू मागं सरायचं. नाडी बांधायला वाकायचं ते मोकळ्यावर. वाकलेला माणूस चार पायाचा दिसते, मोहफुल आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत म्हणूनच जास्त माणसं सापडते.
4. मार्च-एप्रिलात मोहाची झाडं टाळायची. फुलं खायला अस्वल येते. तेव्हा चढाची वाट बंद, फक्त पांदण आणि पाळ.
5. ताजा पंजा दिसला की त्या दिवशी माघारी यायचं आणि वनरक्षकाला फोन करायचा.

उतरायचं कसं ते मी शिकवलं नाही, आमच्या आईनं शिकवलं. आमच्या भागातले लोक नागपंचमीच्या आधी पचमढीला नागद्वारीची यात्रा करते. वर्षातून थोडे दिवसच ती जंगलातली वाट उघडते. धूपगडच्या पलीकडे चढ-उतार, पाऊस, चिखल, निसरडे दगड, आणि आपल्या विदर्भातल्या मंडळांची जेवणं ठिकठिकाणी. आईनं ती वाट साध्या चपलेवर कितीदा केली. तिनं पोरींना अंगणात करून दाखवलं. पाऊल लहान, गुडघा थोडा वाकलेला, टाच आपटायची नाही, नजर पायाजवळ नाही तर तीन पावलं पुढं. मेक्सिकोतले ताराहुमारा नावाचे डोंगरी लोक टायरच्या चपलांवर कोसच्या कोस धावतात. टायरच्या चपला आमच्या बापानंही जन्मभर घातल्या. महाग बूट नसले म्हणून पोरींनी मन छोटं करू नये, एवढंच म्हणतो. जोडे चालतील, पण तळ गुळगुळीत झालेले नको.

पुतणीनं भिंतीवर ललिता बाबरचा फोटो लावला. साताऱ्यातल्या माण तालुक्यातलं मोही तिचं गाव, दुष्काळी पट्टा. 2016 साली रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली, दहावी आली. आमच्या पोरी तिच्याएवढं मागत नाही. त्यांना 10 सेकंद पाहिजे. पुतणीचं 800 मीटर महिन्याआधी 3 मिनिटं 14 वर होतं, परवा 3 मिनिटं लागले. उरले 10 आहे, आणि शेवटचे 10 सगळ्यात जड, हे धान कापणाऱ्यालाही माहीत आहे. भरतीची तारीख अजून निघाली नाही.

माझा भाऊ तसाही रानडुकरांसाठी रात्री तुरीत जागलीला असते. आधी उजाडलं की घरी यायचा. आता पोरं परत येईपर्यंत मचाणावरच बसते. त्याला विचारलं तर सांगते, डुकरं पाहून राहिलो. पोरी सांगते की त्या पाळीवरून गेल्या की तो बोटावर मोजते, आणि परत आल्या की पुन्हा मोजते.

तुमच्या गावात भरतीची पोरं कुठं धावते ते एकदा जाऊन पाहा. पांदण मोकळी असली तर चाकाला चिंधी बांधून मोजून द्या. खर्च शून्य आहे. ए-फ्रेम बनवायची असली तर मापं विचारा, सांगतो.

पुढची नोंद हरभऱ्यावरच्या घाटेअळीची.