हिरव्या वायरचं कोण विचारतंय?

रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय एकच: गाड्यांच्या चार्जिंगसाठी लोड वाढवायचा. मेन केबल काढून 70 स्क्वेअर एमएमची ॲल्युमिनियम टाकायची, कोटेशन आलंय, मंजूर करा. मी विचारलं, "अर्थिंगचं काय?" सेक्रेटरी म्हणाले, "ते आहे की, बिल्डरनंच केलंय."

नंतर मीटररूममध्ये जाऊन बघितलं. आठ नंबरची जीआय वायर खड्ड्याकडे गेलेली, बिल्डिंग बांधली तेव्हाची. व्यास चार मिलिमीटर, म्हणजे जेमतेम 13 स्क्वेअर एमएम, तेही लोखंड.

नियम काही अवघड नाही. फेजची वायर 16 स्क्वेअरपर्यंत असेल तर अर्थिंगची तेवढीच. 16 ते 35 असेल तर 16. त्याच्या वर फेजच्या निम्मी. हे दोन्ही एकाच धातूच्या असतील तर. म्हणजे 70 ला 35 ॲल्युमिनियम हवी. लोखंड वापरायचं तर त्याहून बरंच जाड, कारण त्यातून वीज तेवढी सहज जात नाही. 25 बाय 3 ची जीआय पट्टी टाकली की 75 होतात. केबलच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ.

मी एवढा मागे का लागलोय? गेल्या पावसाळ्यात आईला गीझरच्या नळाचा झटका बसला. हात सुटला म्हणून वाचली. वायरमनने बोर्ड उघडला तर फेज 4 ची, हिरवी 1 ची, आणि तीही पिनपाशी सुटलेली. म्हणे, "हिच्यात करंट नसतो ना, बारीक चालते." अहो, रोज नसतो हे खरं. पण फेज गीझरच्या बॉडीला टेकली की त्या क्षणी सगळा करंट हिनंच न्यायचा असतो, आणि तो भरपूर गेला तरच एमसीबी पडतो.

त्यातही खड्डा कोरडा असेल तर वायर कितीही जाड असो, तेवढा करंट जात नाही. म्हणून घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. आईच्या झटक्यानंतर आम्ही बसवली. तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबतो, आई आठवण करते.

येत्या रविवारी परत मीटिंग आहे. पट्टी आणि खड्ड्याची तपासणी धरून नवं कोटेशन मागितलंय. ज्यांच्या सोसायटीत हे काम झालंय त्यांनी अंदाजे खर्च कळवा, खजिनदार तोच विचारणार.