ढगाळ दिवसांतील बाग

देवळालीची हवा उत्तम, असें मानून लोक पूर्वीपासून येथें प्रकृति सुधारण्यास येत आले आहेत. परंतु बागवानास विचारल्यास तो ह्याच हवेची निराळी कथा सांगेल. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर ती आम्हांसही ऐकावी लागली.

दिवाळीच्या सुटीपूर्वीं शाळेच्या बागेंत टोमॅटोचीं साठ रोपें लावून आम्ही निश्चिंत होतों. रविवार, ता. २६ रोजीं उपासना आटोपून घरीं आलों तों आभाळ भरून आलें, आणि सायंकाळच्या अवकाळी पावसानें वाफे तुडुंब झाले. निफाड तालुक्यांत तर त्याच दिवशीं गारा पडल्या व द्राक्षांचे घड जमिनीवर आले.

माती मोकळी केली म्हणजे मुळांस हवा मिळते, असें आम्हीं पुस्तकांत वाचलें होतें. तेव्हां गुरुवारीं सरी थांबतांच चार विद्यार्थी घेऊन आम्ही खुरप्यांसह वाफ्यांत उतरलों. वसतिगृहांतील एक विद्यार्थी सुटीवरून दोन दिवस उशिरां आला होता. तो बांधावर उभा राहून पाहत होता. शेवटीं संकोचानें म्हणाला, "सर, अजून वाफसा नाही आला. ओल्यात तुडवलं तर ढेकळं होतील."

पदवीधर मनुष्यास असें ऐकून घेणें अंमळ जड जातें, हें कबूल केलें पाहिजे. आम्हीं काम चालूच ठेविलें. पुढें ऊन पडलें, आणि जेथें जेथें आमचीं पावलें उमटलीं होतीं तेथें माती विटेसारखी झाली. आठवड्याभरांत सतरा रोपांनीं माना टाकल्या.

मग आम्हीं त्यासच गुरु केलें. मूठभर माती दाबून पाहावी. हातास चिकटली तर वाफ्यापासून दूर राहावें, बोटाच्या धक्क्यानें फुटली तर वाफसा आला असें समजावें. विद्यार्थ्यांनीं घरच्या कुंड्यांसही ही कसोटी लावून पाहावी. तोंवर स्वस्थ बसावें असें मात्र नाहीं. साचलेल्या पाण्यास चर काढून द्यावा, जमिनीस टेकलेलीं पानें खुडावीं, खत व पाणी थांबवावें. दमट हवेंत बुरशी बळावते. तिजवर बोर्डो मिश्रण चांगलें. दहा लिटर पाण्यास १०० ग्रॅम मोरचूद व तितकाच कळीचा चुना; कोवळ्या रोपांस ह्याच्या निम्म्या जोराचें. फ्रान्सांत वाटसरूंनीं द्राक्षें चोरूं नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्याच वेली रोगांतून वांचल्या, हें मिलार्दे नांवाच्या प्राध्यापकानें हेरलें व १८८५ त प्रसिद्ध केलें! चुना विझवितांना आम्हीं मुलांस दूर ठेविलें.

आभाळ निवळलें म्हणजे दुसरें संकट. ढग हें रात्रीचें पांघरूण. तें निघालें कीं जमिनीची ऊब आकाशांत जाते. २०१८ च्या डिसेंबरअखेर निफाडचा पारा दोन अंशांच्याही खालीं उतरला होता. अशा रात्रीं द्राक्षबागाईतदार शेकोट्या पेटवितात व विहिरीचें पाणी सोडतात, कारण तें हवेहून उबदार असतें. आम्हीं आमच्या रोपांवर गोणपाट घातलें.

हें सर्व शिकवीत असतां त्या मुलानें घरचें एक अक्षरही काढलें नाहीं, आणि उशीर कां झाला हें आम्हींही विचारलें नाहीं. डिसेंबरांत त्याचे वडील फीसाठीं मुदत मागावयास आले, तेव्हां उलगडा झाला. "पोराला दोन दिवस ठेवून घेतलं, सर," ते म्हणाले, "पडलेले घड उचलायला माणूस नव्हतं."

द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलांत, फळछाटणी ऑक्टोबरांत, आणि त्यानंतर कोठें पुढील घड. मार्चच्या शेवटीं तो मुलगा छाटणीसाठीं चार दिवसांची रजा मागूं लागला. परीक्षा तोंडावर होती. आम्हीं रजा दिली, आणि बुडालेलें गणित पुढें रोज सायंकाळीं त्या वाफ्यांजवळ बसून पुरें करून घेतलें.