आडनाव आणि पनवेल लोकल

एम.ए.साठी हिरकणीवाडी सोडली. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात प्रवेश मिळाला, पण जवळपास खोली मिळेना. भाडं ठरायचं, आडनाव कळलं की खोली ‘कालच दिली’ असायची. शेवटी पनवेलला राहिलो. हार्बर लोकलने कुर्ला, पुढे बस. रोजचे तीनेक तास प्रवासात. तेवढं ग्रंथालयातलं वाचन बुडायचं.

कोलंबियात, लंडनला शिकून आलेल्या बाबासाहेबांनाही १९१७ साली बडोद्यात पारशी सरायीतून हुसकावलं होतं.

मित्रांनो, २० मार्च १९२७ला आमच्या महाडात चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. आज तीच लढाई खोलीच्या दारात उभी आहे. म्हणून शिष्यवृत्तीबरोबर वसतिगृहही मागा, आणि तेही विद्यापीठाजवळच.

जय भीम!