आधी तळ, मग मासे

संपादकांनी लेख मागताना दोन अटी घातल्या. पहिल्यांदाच स्कूबा शिकणाऱ्याने कुठल्या उबदार समुद्रात जावं ते सांगा, आणि तांत्रिक काही लिहू नका. पहिली अट पाळते. दुसरीसाठी प्रयत्न करते.

पुण्यात पोहण्याच्या तलावात मी स्कूबा शिकवते आणि हिवाळ्यात विद्यार्थ्यांना समुद्रावर नेते. दिवाळी जवळ आली की फोन सुरू होतात. "मॅडम, अंदमान की मालदीव? की सरळ बाली?" प्रश्नात देश असतो, बजेट असतं, कासव दिसेल का हेही असतं. तिथला तळ किती खोल आहे, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. "ऑक्सिजनचं सिलिंडर किती वेळ पुरतं?" हे हमखास. अहो, त्यात ऑक्सिजन नसतो. साधी हवा असते, गाळून, दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलात तर झटके येऊ शकतात. वर्तमानपत्रंही दर मोसमात 'ऑक्सिजन सिलिंडर'च छापतात. दुरुस्तीची पत्रं पाठवणं मी सोडून दिलं आहे.

गेल्या वर्षीची एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. माझ्याकडे तलावात शिकलेली एक मुलगी अंदमानात समुद्रातल्या चारही डाइव्ह व्यवस्थित करून ओपन वॉटर डायव्हर झाली. शांत, नीट श्वास घेणारी. लग्नानंतर नवऱ्याबरोबर मालदीवला गेली आणि तिथे तिला दोन बेटांमधल्या खाडीत उतरवलं. नियम मोडला असं म्हणता येणार नाही. मालदीवमध्ये हौशी डायव्हरला ३० मीटरची मर्यादा आहे, आणि ही मंडळी त्याच्या आत होती. पण तिच्या कार्डावरची मर्यादा १८ मीटर. पाण्याला एवढी ओढ होती की गट तिच्या नजरेआड गेला, ती एकटीच वर आली आणि होडी दिसेपर्यंत लाटांवर तरंगत राहिली. इजा काही झाली नाही. फक्त आता ती म्हणते, "समुद्र माझ्यासाठी नाही." समुद्र होता की तिच्यासाठी. ती खाडी नव्हती.

मालदीवच्या कंकणद्वीपांमधल्या खाड्यांतून भरती-ओहोटीचं आणि मोसमी वाऱ्याने ढकललेलं पाणी आत-बाहेर करतं. साधारण जानेवारी ते एप्रिल ईशान्येच्या वाऱ्यात प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. स्वच्छ पाणी पूर्वेच्या खाड्यांतून आत येतं, आणि त्या पाण्यामागोमाग मोठे मासे. जाहिरातीतला फोटो तिथलाच असतो. त्याच मालदीवमध्ये रिसॉर्टच्या समोरचं संथ सरोवर नवख्याला उत्तम. देश एक, समुद्र दोन.

बालीचंही तसंच. तुलांबेनला दुसऱ्या महायुद्धात, १९४२मध्ये पाणतीराचा मार बसलेलं 'लिबर्टी' हे अमेरिकन मालवाहू जहाज आहे. ते तेव्हा किनाऱ्याला लावलं होतं. १९६३च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात घसरून पाण्यात गेलं. आज किनाऱ्यावरून चालत जाऊन त्याचा उथळ भाग पाहता येतो. काळ्या गोट्यांवरून पाय घसरतो, तेवढं सांभाळायचं. आणि समोरच्या नुसा पेनिदाला जुलै ते ऑक्टोबरमध्ये खालचं गार पाणी उसळून वर येतं, तापमान २० अंशांच्या आसपास उतरतं आणि काही जागी प्रवाह माणसाला सरळ खाली ओढतो. 'बालीला जाऊ का' या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच मी देत नाही.

आता थोडं गणित. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरण एवढा दाब वाढतो. सिलिंडर साधारण ११ लिटरचं, त्यात २०० बार दाबाने भरलेली हवा. शेवटचे ५० बार राखीव, म्हणजे वापरायला १६५० लिटर. घाबरलेला नवखा मिनिटाला सहज २५ लिटर ओढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ५० लिटर, म्हणजे ३३ मिनिटं. तीस मीटरवर दाब चौपट, म्हणून १०० लिटर, म्हणजे जेमतेम १६ मिनिटं. वाळूचा तळ दहा-बारा मीटरवर असेल तर नवख्याचं तरंगण्यावरचं नियंत्रण सुटलं तरी तो तळावर बसतो, इन्स्ट्रक्टर येतो, गोष्ट तिथेच संपते. खाली निळा अंधार असेल तर तो उतरतच राहतो, आणि स्वच्छ पाण्यात ते त्याच्या लक्षातही येत नाही. पण उथळ म्हणजे निर्धास्त नव्हे. दाबातला प्रमाणाने सर्वात मोठा फरक पहिल्या दहा मीटरमध्येच पडतो. श्वास रोखून वर आलात तर दीड-दोन मीटरचा फरकही फुप्फुसाला पुरतो.

आणि 'उबदार' म्हणजे काय? पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. २८ अंशांच्या पाण्यातही दिवसातल्या दुसऱ्या डाइव्हला पातळ अंगाची माणसं कुडकुडतात. तीन मिलिमीटरचा सूट घालाच. टी-शर्टवर फोटो चांगला येतो, एवढंच.

माझी यादी छोटी आहे. स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. तिथल्या निमो रीफवर किनाऱ्यावरून आत जाता येतं आणि वाळू हळूहळू उतरते. डिसेंबर ते एप्रिल उत्तम. लक्षद्वीपला कडमतचं सरोवर, पण प्रवेश परवान्याची व्यवस्था आधी करा. थायलंडचं को ताओ शिकण्यासाठी प्रसिद्ध आहे, पण आपल्या दिवाळीनंतर तिथे ईशान्येचा पाऊस लागतो. तेव्हा थायलंडचीच दुसरी बाजू, अंदमान समुद्राची, बरी. अँग्रिया बँकेचं नाव कान्होजी आंग्र्यांचं म्हणून आपली मंडळी हट्टाने विचारतात. समुद्रात बुडालेलं पठार ते, किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून लांब, आणि त्याचा माथाच पाण्याखाली सुमारे २० मीटरवर. नवख्याने तो विषय काढू नये.

मालवण? पाणी गढूळ असतं म्हणून लोक नाक मुरडतात. मी म्हणते, डिसेंबरनंतर जरूर जा. चार-पाच मीटरच दिसत असेल तर माणूस जोडीदाराला सोडत नाही. मात्र तिथे माझा एक वाद आहे, आणि तो मांडल्याशिवाय राहवत नाही. 'स्कूबानंतर लगेच विमान नको' हे सर्वांना पाठ असतं: एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्हनंतर १८. "पण आम्ही गाडीने आलोय!" गाडी आंबोली घाट चढते ना? विमानासाठीच्या त्या सूचना साधारण ६१० मीटर उंचीपासून पुढच्या केबिन-दाबासाठी आहेत, आणि आंबोली सुमारे ६९०. माझे सहकारी हसतात. ८० मीटरसाठी एवढा आरडाओरडा? तासभर पोहून उथळात एकदा बुडी मारून येणाऱ्या पर्यटकाबद्दल मी बोलतच नाही, दाबाखाली रक्तात मुरणारा आणि उंचीवर दाब उतरला की बुडबुडे होणारा नायट्रोजन त्याच्या अंगात फारसा साठत नाही. पण अभ्यासक्रमासाठी दोन दिवस, दिवसाला दोन-दोन डाइव्ह केलेला माणूस दुपारी पाण्याबाहेर येतो आणि संध्याकाळी घाटमाथ्यावर चहा पितो. सांधा दुखला की तो म्हणतो, प्रवासाने अंग आंबलं. शेवटचा दिवस कोरडा ठेवा. मालवणात मासे खाऊनही बघता येतात.

आणखी एक: तारीख ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर बघा. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे उधाण. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, पाण्याची ओढ कमी. कोकणातल्या कोळ्याला हे सांगावं लागत नाही. आपण मात्र सुट्टी बघून तिकीट काढतो.

एवढं लिहूनही एक शंका उरतेच. नवख्यासाठी मी जे पाणी सुचवते, उथळ, उबदार, संथ, तिथेच समुद्र तापला की प्रवाळ पांढरं पडतं. लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६मध्ये ते भोगलं आणि २०२४मध्ये पुन्हा. त्यावर शिकाऊ माणसाच्या फिन्सचे फटके. म्हणून सरावाची जागा वाळूवर हवी, प्रवाळावर नको. सुदैवाने जो तळ नवख्याला सुरक्षित, तोच प्रवाळालाही. एवढ्याच आधारावर मी अजून माणसं नेते.

तेव्हा पैसे भरण्याआधी केंद्राला तीन गोष्टी विचारा. जिथे उतरणार तिथला तळ किती मीटरवर? त्या तारखेला प्रवाह कसा असेल? एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? उत्तरादाखल त्यांनी मोबाइलवर कासवाचे फोटो दाखवायला सुरुवात केली, तर दुसरं केंद्र शोधा.