रेफर केलेला रुग्ण परततो तेव्हा

गोंदिया जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी आहे. रेफरलबद्दल माझं मत ठाम होतं : तज्ज्ञ जवळ आणा, बाकीचं सुटेल. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञच नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ असून काय उपयोग, हे मी प्रत्येक बैठकीत बोलत आले. चिठ्ठी कशी लिहावी याचं प्रशिक्षण निघालं की मूळ प्रश्न टाळला जातोय असं वाटायचं.

2016 साली गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. केटीएस आणि बाई गंगाबाई ही जुनी रुग्णालयं त्याला जोडली गेली. त्याआधी रुग्ण फारच गंभीर असला की नागपूरचं मेडिकल नाहीतर मेयो रुग्णालय, म्हणजे गोंदियाहूनही पुढे सव्वाशे किलोमीटरपेक्षा जास्त. आता बरेच तज्ज्ञ जिल्ह्यातच आले. 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून होतीच. त्यामुळे वेळेत पोहोचून वाचलेल्या बाया मी पाहिल्या आहेत, आणि त्याचं मोल मला ठाऊक आहे.

माझं मत हललं ते सिकलसेलमुळे. हा आजार आमच्याकडे गावोगाव आहे. ऐन रोवणीत एक बाप मुलाला घेऊन आला. हाडं ठणकत होती, गोळ्या संपल्या होत्या. मोठ्या दवाखान्यात हायड्रॉक्सियुरिया सुरू केलेलं. कार्डावर औषधाचं नाव, खाली ‘सीटी ऑल’, म्हणजे सगळं आहे तसं चालू ठेवा, बस. या गोळीचा डोस वजनावर ठरतो, रक्तातल्या पेशींवर लक्ष ठेवावं लागतं. डोस कधी वाढवायचा, पेशी किती खाली गेल्या तर थांबायचं, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. रक्ताचा नमुना आमच्या केंद्रातून तपासणीसाठी महालॅबला जातो. म्हणजे पुढचे काही महिने त्या मुलाला आम्हीच सांभाळू शकलो असतो. ‘‘तिथं म्हणतात तुमच्या डॉक्टरला दाखवा, तुम्ही म्हणता तिथं जा,’’ बाप म्हणाला. त्याची मजुरी बुडाली होती आणि पुन्हा बुडणार होती. तज्ज्ञ त्या मुलाला भेटला होता, निदान बरोबर होतं, औषधही बरोबर होतं. तज्ज्ञाला कळलेलं माझ्यापर्यंत पोहोचलं नव्हतं, एवढंच.

आमच्याकडून तिकडे जाणाऱ्या कागदाचंही तसंच. गरोदर बाईचं बीपी भलतंच वाढलंय, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. झटका येऊ नये म्हणून आम्ही मॅगसल्फ देतो, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, आणि गाडी बोलावतो. चिठ्ठीवर ‘पुढील उपचारासाठी रेफर’ एवढंच असेल, तर रात्री ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने काय समजावं? दिलं नसेल असं धरून पुन्हा पूर्ण डोस दिला तर तिचा श्वास मंदावू शकतो. दिलं असेल असं धरून थांबला तर झटका येऊ शकतो. किती दिलं, किती वाजता दिलं, गुडघ्याचा रिफ्लेक्स आहे का, लघवी किती झाली, हे लिहायला दोन मिनिटं लागतात. त्यासाठी नव्या इमारतीची वाट पाहावी लागत नाही.

ई-संजीवनी या ऑनलाइन सल्लासेवेवर तज्ज्ञाला आधी विचारलं तर काही जणांना पाठवावंच लागत नाही, हेही मी आता मानते. अर्थात नेटवर्क असेल तर.

काही सहकारी म्हणतात, असं बोलून तुम्ही रिकाम्या जागांवरचं लक्ष उडवता. जागा भरायलाच हव्यात, त्या मागणीतला एक शब्दही मी मागे घेतलेला नाही. पण जागेवर असलेला तज्ज्ञही मला काही कळवत नसेल, तर माझा रुग्ण त्याच्या हाती फक्त त्या एका दिवसापुरता असतो. पुढचं सगळं वर्ष तो माझ्या गावात काढतो.

म्हणून आता मी बैठकीत वेगळं मागते. पाठवण्याआधी एक फोन. चिठ्ठीवर नेमका प्रश्न : निदान हवंय, शस्त्रक्रिया हवीय, की औषधाबद्दल सल्ला? आणि सुट्टी देताना त्याच कागदाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर निदान, डोस, पुढची तपासणी कधी आणि कुठे हे लिहून त्याची प्रत केंद्राकडे. तारीख उलटली की आशाताईला निरोप गेला पाहिजे. वॉर्डातले डॉक्टर आधीच कामाखाली दबलेले असतात. हे त्यांच्याच गळ्यात घातलं तर महिनाभरात बंद पडेल, त्यामुळे या एकाच कामासाठी तिथे एक सिस्टर नेमायला हवी. त्या एका नेमणुकीसाठी मी आज भूलतज्ज्ञाच्या जागेइतक्याच जोराने भांडते आहे.