नीरेपलीकडचे कॉलेज

श्रीपूरला एका घरी मिस्सा आटोपून चहा घेत होतो. यजमानांनी मला ओसरीवर बाजूला नेले आणि म्हणाले, "फादर, पोरीचं वरीस वाया गेलं बघा."

मुलगी 2024-25 मध्ये बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. दोन्ही सत्रे उत्तीर्ण झाली आणि मे महिन्यात तिचे लग्न झाले. सासर बारामतीकडचे. नीरा ओलांडली की जिल्हा बदलतो आणि त्याबरोबर विद्यापीठही. अलीकडे सोलापूरचे, पलीकडे पुण्याचे. तिकडे कोणीतरी सांगितले की, पुन्हा पहिल्या वर्षालाच बसावे लागेल. घरच्यांनी ते प्रमाण मानले. लग्न मीच लावले होते. विवाहपूर्व भेटीत मी दोघांना घराविषयी, पैशाविषयी, सासूसासऱ्यांविषयी विचारले होते. कॉलेजचे काय, हे विचारायचे माझ्याकडून राहिले.

असे वाया गेलेले वर्ष मला परके नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञानाचा अभ्यास पुरा करून मी एका विद्यापीठात बी.ए.साठी गेलो, तेव्हा खिडकीमागच्या कारकुनांनी माझी गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि "याला आमच्याकडे रकाना नाही" म्हणून परत दिली. ॲरिस्टॉटल मी पुन्हा मुळापासून शिकलो. (दुसऱ्या खेपेस तो अधिक कळला, तरी माझी तक्रार कायम आहे.)

आता मात्र रकाना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै 2021 मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढीचे विनियम काढले. वर्गातील साधारण पंधरा तासांच्या अध्यापनाचा एक श्रेयांक, अशा हिशेबाने आपल्याकडे पदवीच्या पहिल्या वर्षाचे 40 ते 44 श्रेयांक होतात. ते विद्यार्थ्याच्या नावाने पेढीत जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. मध्ये खंड पडला, गाव बदलले, तरी ते त्याचेच.

यजमानांचे आयुष्य उसात गेलेले. त्यांना मी काट्यावरच्या वजनाच्या पावतीचे उदाहरण दिले. ते क्षणभर थांबून म्हणाले, "पण फादर, ह्या कारखान्याची पावती त्या कारखान्यात कोन घेतंय?"

प्रश्न बिनतोड होता. पेढीत श्रेयांक जमा आहेत म्हणजे नवे कॉलेज प्रवेश देईलच, असे नाही. तिथे जागा हवी. विषय जुळतात का, हे ते पाहणार. शिवाय जी संस्था पदवी देणार, तिच्याकडे निम्मे तरी श्रेयांक मिळवावे लागतात; पहिल्या वर्षानंतर जाणाऱ्याला ही अट जड नाही, तिसऱ्या वर्षी जाणाऱ्याची मात्र ती वाट अडवते. आणि मुळात जुन्या कॉलेजने श्रेयांक पेढीत भरलेले असले पाहिजेत. म्हणून गाव सोडण्याआधीच ते भरले गेले की नाही, हे पाहावे, आणि गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र व अभ्यासक्रमाची प्रत हातात घ्यावी. लग्नाच्या याद्यांत आपण वाजंत्रीसुद्धा लिहितो. हे कागद कोणी लिहीत नाही.

मुलीने मोबाइलवर खाते उघडून दाखवले. श्रेयांक जमा होते! पण खात्यावर माहेरचे नाव, तर लग्नानंतर घाईने दुरुस्त करून घेतलेल्या आधारकार्डावर सासरचे. ही दोघी एकच, हे सांगणारा कागद म्हणजे विवाहाचा दाखला, आणि तो देणे माझ्याच हाती. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखालील नोंदवहीतून मी अनेक दाखले लिहिले असतील, बहुतेक रेशनकार्डासाठी. कॉलेजसाठी हा पहिलाच. दोन्ही नावांतले ऱ्हस्वदीर्घ मी तीनदा तपासले.

पुढच्या आठवड्यात ती नवऱ्याबरोबर जाऊन कागद देऊन आली. मराठी आणि इतिहास जुळले आहेत. तिसऱ्या विषयाचा अभ्यासक्रम नव्या कॉलेजने मागितला आहे. तो आणायला तिचे वडील उद्या जुन्या कॉलेजात जाणार आहेत.