दादांचा दहावा हिस्सा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे सांगतात. पण पायरी चढून, दावा जिंकून, हुकूमनामा हातात घेऊन जो खाली उतरला त्याने पुढे काय करावे, हे कोणी सांगत नाही. गेले दीड वर्ष आमच्या घरी अशीच माणसे येतात. सगळी जिंकलेली, आणि सगळी रिकाम्या हाताची. कोणाच्या हातात खताच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, कोणाच्या काखेत फडक्यात बांधलेले गाठोडे. आत शिक्क्याची नक्कल, घडीवर फाटत चाललेली. "निकाल आपल्याच बाजूचा हाय, बघा," असे म्हणत ती माझ्या वडिलांपुढे उलगडतात.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. लातूर जिल्ह्यातल्या तालुक्यांच्या कोर्टांत ते शिपाई म्हणून लागले आणि बेलीफ म्हणून निवृत्त झाले. बेलीफ म्हणजे कोर्टाचा कागद माणसाच्या दारापर्यंत नेणारा माणूस. समन्स बजावणे, जप्तीचे वॉरंट घेऊन जाणे, पंच गोळा करणे, जमिनीवर जप्ती आली की गावात दवंडी पिटवणे. दादा म्हणतात, या नोकरीत पगार शिव्यांचा मिळतो, काम फुकट करावे लागते. निवृत्तीनंतर माझ्या कॉलेजसाठी आणि धाकट्या भावाच्या शाळेसाठी आम्ही नांदेडला खोली केली. चार महिने दादा नुसते बसून होते. मग एक दिवस त्यांनी माझ्याकडून दोनशे पानी वही मागितली आणि पहिल्या पानावर "वसुली" असे लिहिले.

आई म्हणाली, "आता घरबसल्या हे काय काढलंत? जलमभर लोकांच्या दारात जाऊन शिव्या खाल्ल्या, ते कमी पडलं का?"

दादांचे म्हणणे वेगळे होते. नोकरीत त्यांनी कितीतरी वॉरंटे "मिळकत आढळून आली नाही" असा शेरा मारून परत केली होती. मिळकत नव्हतीच असे नाही. ती शोधून तिची यादी कोर्टाला देणे हे डिक्रीदाराचे काम असते, आणि ते त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलेलेच नसते. त्याला वाटते, जज्जसाहेबांनी लिहिले म्हणजे पैसे आलेच. हुकूमनामा मिळाल्यावर पुन्हा दरखास्त दाखल करावी लागते, प्रतिवादीची जमीन, घर, पगार, बँकेतला पैसा काय ते दाखवून द्यावे लागते, आणि हे सारे बारा वर्षांच्या आत. बेलीफ असताना दादांना हे बोलून दाखवता येत नव्हते. आता येत होते.

अट साधी ठेवली. कोर्टाचा खर्च आणि वकिलाची फी पक्षकाराने द्यायची. दादा आधी एक रुपया घेणार नाहीत. वसूल झाले तर दहावा हिस्सा. हे कायद्यात बसते का, ही शंका आधी माझ्याच मनात आली. ओळखीच्या एका वकीलसाहेबांना विचारले. ते हसले. निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवायला वकिलांना मनाई आहे, पण इतरांना तशी सरसकट मनाई आपल्या देशात नाही. प्रिव्ही कौन्सिलने १८७६ मध्येच सांगून ठेवले आहे की असा करार अन्यायाचा, पिळवणुकीचा नसेल तर तो केवळ हिस्सा आहे म्हणून रद्द होत नाही. दहावा हिस्सा पिळवणूक नव्हे, असे साहेबांचे मत पडले. अमेरिकेत तर लोक दुसऱ्यांचे निकाल आपल्या नावावर करून घेतात आणि घरबसल्या वसूल करतात म्हणे. आपल्याकडेही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या एकविसाव्या आदेशात सोळावा नियम आहे. लेखी करार करून हुकूमनामा दुसऱ्याला देता येतो, आणि घेणारा स्वतःच्या नावाने दरखास्त चालवू शकतो. हा सोळावा नियम पुढे आमच्या घरात वादळ घेऊन आला, ते नंतर सांगते.

वही माझ्याकडे आली, कारण घरात पदवीच्या वर्गापर्यंत पोहोचलेली मीच. सातबारा आता मोबाइलवर दिसतो, तो मी काढते. गावातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ. शेतकरी प्रतिवादी असेल तर त्याचा माल कोणत्या अडत्याकडे जातो, हे दादा लातूरच्या मार्केट यार्डात जाऊन चौकशी करून आणतात. तूर किंवा सोयाबीन घालून पट्टीचे पैसे अडत्याकडेच राहिले असतील तर कोर्ट त्या तिसऱ्या माणसालाही नोटीस काढू शकते. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणाऱ्या एसटीत दादांचा महिन्यातून दोनदा तरी दिवस जातो. येताना ते वहीत भरायला चार ओळी आणतात आणि घरात हरभरा डाळ.

पगारदार माणूस सगळ्यात सोपा, असे मी शिकले. समजा पगार ३१,००० आहे. पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश, म्हणजे २०,००० कोणी हात लावू शकत नाही. राहिलेले १०,००० दरमहा जप्त होतात. तेही चोवीस महिनेच, मग त्या हुकूमनाम्यापुरती कायमची सुटका. आमच्या वहीतली पहिली वसुली अशीच, उसने घेऊन नाही म्हणणाऱ्या एका मास्तरांच्या पगारातून झाली. मास्तरांचे नाव इथे लिहीत नाही, आपल्या वाचकांत त्यांचे विद्यार्थी असायचे.

पण या वहीमुळे मला कळलेली खरी गोष्ट जप्तीची नव्हे, जप्ती कशावर येत नाही याची आहे. संहितेचे साठावे कलम मी तीनदा वाचले. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईच्या अंगावरचा धर्मरूढीने न काढण्याचा दागिना, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, बैल आणि बियाणे ही जप्त होत नाहीत. कोणीतरी, केव्हातरी, गरिबाच्या घरात उभे राहून एकेका वस्तूकडे बघून ही यादी केली असावी असे वाटते. अटकेचेही तसेच. बाईला पैशाच्या डिक्रीसाठी तुरुंगात टाकता येत नाही. पुरुषालाही नुसता पैसा नाही म्हणून टाकता येत नाही, असे सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये केरळातल्या एका बँकेच्या खटल्यात ठरवले. ऐपत असून दडवादडवी करतो, हे दाखवावे लागते. आणि टाकलेच, तर तुरुंगातल्या त्याच्या जेवणाचा भत्ता डिक्रीदारालाच भरावा लागतो. दादा म्हणतात, "पैसे बुडवले ते बुडवले, वर पाहुण्यासारखं जेवू घालायचं!"

आमच्या भागातले जुने लोक जप्तीला अजून 'कुर्की' म्हणतात. निजामाच्या कोर्टांची भाषा उर्दू होती. राज्य १९४८ मध्ये गेले, शब्द राहिला. त्याच्याही आधी, १८७२ मध्ये, दरभंग्याच्या एका प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने म्हटले होते की हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात. मी हे दादांना सांगितले तर म्हणाले, "म्हंजी विलायतेतल्या सायबाला ठाव होतं की!" सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये दरखास्ती सहा महिन्यांत निकालात काढा असे सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच कोर्टापुढे देशभरातला आकडा आला तेव्हा ८ लाख ८२ हजारांवर दरखास्ती पडून होत्या. त्यांतल्या तीन लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. त्यातली एक आमच्या वहीत सातव्या पानावर आहे.

ती अहमदपूरकडच्या एका आजीची. पाझर तलावात जमीन गेली. ताबा जानेवारी २००१ मध्ये घेतला. भाव कमी दिला म्हणून तिच्या मालकांनी कोर्टात दाद मागितली आणि २०११ मध्ये वाढीव ८०,००० रुपये मंजूर झाले. जुन्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे वाढीव रकमेवर ताब्यापासून पहिल्या वर्षी शेकडा ९ आणि पुढे शेकडा १५ व्याज. मी जानेवारी २०२५ पर्यंतचा हिशेब मांडला. पहिल्या वर्षाचे ७,२००, पुढची तेवीस वर्षे दरसाल १२,०००, मिळून २,८३,२०० नुसते व्याज. मुद्दलाच्या साडेतीनपट. दरखास्त २०१४ मध्ये दाखल झाली. त्यानंतर आजीचे मालक गेले, वारस म्हणून तिचे नाव लागायला दोन वर्षे गेली. इथे पैसे बुडवणारा कोणी सावकार नाही, सरकारातलेच एक खाते आहे. त्याची मिळकत शोधायला सातबारा काढावा लागत नाही. ती रस्त्यावरून दिसते. साहेबांची खुर्ची, गाडी, संगणक जप्त करायला बेलीफ आल्याच्या बातम्या मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतातच. दादांनी नोकरीत असे एक वॉरंट नेले होते. साहेबांनी चहा पाजला, निधीचा प्रस्ताव वर गेल्याचे पत्र दाखवले, मुदत मागितली. खुर्ची जागेवर राहिली. आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, "मला खुर्ची कशाला? मी खालीच बसते."

आता ते वादळ. गेल्या दिवाळीनंतर लातूरचे एक गृहस्थ घरी आले. त्यांनी व्याजबट्ट्याचा परवान्याचा व्यवसाय बंद करायला काढला होता. त्यांच्याकडे अकरा हुकूमनामे होते, एकूण रक्कम चौदा लाखांच्या आसपास. "तीन लाखांत सगळे तुमच्या नावावर करून देतो," म्हणाले. हाच तो सोळावा नियम. दादांच्या निवृत्तीच्या पैशांतले साडेतीन लाख बँकेत होते, आणि ते भावाच्या पुढच्या शिक्षणाचे असे घरात ठरलेले होते. त्या रात्री आई जेवली नाही. दादा म्हणाले, "दहाव्या हिश्श्यावर किती दिवस एसटीनं फिरू?" तेही खोटे नव्हते. दीड वर्षात वहीत एकूण ४,६०,००० ची वसुली आहे. आमचा हिस्सा ४६,०००, म्हणजे महिन्याला अडीच हजार, आणि त्यातूनच तिकिटे.

अकराही नकला दादांनी माझ्यापुढे टाकल्या. दोन रात्री बसून मी त्या वाचल्या. तिघांची बारा वर्षे उलटून गेलेली. दोघे प्रतिवादी वारलेले. वारसांवर जबाबदारी वाडवडिलांची मिळकत हाती आली असेल तेवढीच, आणि तशी काही नव्हती. चौघांकडे साठाव्या कलमाने सुटणाऱ्या वस्तूंखेरीज काही दिसेना. उरले दोन. ते दोन पक्के होते, सोयाबीनच्या चांगल्या जमिनीचे. त्या दोघांवरच पाच लाख निघाले असते.

त्या चौघांतला एक शिंपी होता. नाव वाचताच ओळखले. त्याची मुलगी माझ्या वर्गात आहे, माझ्यापुढे दोन बाकांवर बसते. मी दादांना ते सांगितले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गृहस्थ आले तेव्हा दादांनी माझा कागद पुढे ठेवला आणि म्हणाले, "नऊ तर मेलेलेच आहेत. शिंप्याचं मशीनसुद्धा जप्त होत नाही." गृहस्थ म्हणाले, "कोर्टात कशाला न्यायचं? दोन माणसं दारात बसवायची. पोरीबाळींचं घर हाय, चार दिवसांत कुठूनतरी आणून देतो."

दादांनी नको म्हणून सांगितले. का, ते त्यांनी आम्हाला सांगितलेले नाही. आईला वाटते, भावाचे पैसे वाचावेत म्हणून. वकीलसाहेबांना वाटते, हिशेब तोट्याचा होता म्हणून; पण पाच लाख धरले तर तो तोट्याचा नव्हता. मला काय वाटते ते मी त्यांना विचारलेले नाही. एवढे मात्र पाहिले की दादा नंतर दोन दिवस गप्प होते, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर "वसुली"च्या खाली "कोर्टामार्फत" असे लिहिले.

अकराही नकला लातुरातच दुसऱ्या कोणी घेतल्या, असे यार्डातून कळले. जानेवारीत माझी ती वर्गमैत्रीण नऊ दिवस कॉलेजला आली नाही. आली तेव्हा कानांत रिकाम्या भोकांत दोरा होता. कानातले मोडले म्हणून दुरुस्तीला दिलेत, असे तिने न विचारता सांगितले. साठाव्या कलमाची ती यादी तिला दाखवावी, दारात बसलेल्या माणसांना पोलिसांत नेता येते हे सांगावे, असे रोज वाटते. पण ते सांगायचे म्हणजे तिचे घर मला कसे माहीत, हेही सांगावे लागेल. दादांना विचारले तर म्हणाले, "तिच्या बापाला म्हणावं, माझ्याकडं ये. त्याच्याकडून दहावा हिस्सा नको." हा निरोप अजून माझ्याजवळच आहे. परीक्षेचे अर्ज भरायला ती सोमवारी येणार आहे, तेव्हा देईन.

आजीची तारीख जूनमध्ये आहे. त्या दिवशी ती पहाटेच्या एसटीने निघते, भाकरी बांधून आणते, आणि कोर्टात पुढची तारीख घेऊन परत जाते. व्याजाचा आकडा मला दर तारखेला नव्याने मांडावा लागतो.